साखरेच्या बुडाशी

इद्दरच्या हातून जी चूक झाली, ती निदान त्याच्यासारख्या माणसाच्या हातून व्हायला नको होती. तीस वर्षं कासाब्लांकात किराणा दुकान चालवलेला माणूस. तीस वर्षांत त्याने साखरेचे इतके सुळके विकले की एकावर एक रचले असते तर चंद्रावर चहाची सोय झाली असती. हातभर उंचीचा, निळ्या कागदात गुंडाळलेला तो सुळका कुठून निघतो आणि किती दारं हिंडतो, हे त्याला पाठ होतं. बाळ झालं, सुळका. लग्न ठरलं, सुळका. कुणी मक्केहून आलं, कुणी झाडावरून पडलं, कुणी वारलं, कुणाचं भांडण मिटलं, सुळका. आमच्या खोऱ्यात सुळका कुणाच्या घरी राहत नाही. तो फक्त मुक्कामाला येतो.

आणि हे सगळं माहीत असताना इद्दरने लपवायची वस्तू लपवली ती सुळक्याच्या बुडाशी.

वस्तू म्हणजे सासूबाईंची चांदीची पिन. तळहाताएवढी, तिकोनी, मधोमध हिरव्या मिन्याचा ठिपका. खांद्यांवर ओढणी अडकवायची अशी दोन पिनांची जोडी सासूबाईंनी इद्दरच्या बायकोला, इज्जाला, दिली होती, इज्जा ती लेकीला, कल्तूमला, देणार होती, आणि शुक्रवारी लग्नाला उभी राहताना कल्तूमच्या दोन्ही खांद्यांवर ती असणार, हे कल्तूम जन्मायच्या आधी ठरलेलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी इद्दरच्या चहाच्या किटलीच्या चोचीत पुदिना अडकला. किटली वडिलांची, तिला झाकण नाही, ते का नाही हे पुढे येईल. घरात कुणी नव्हतं. इद्दरने हाताशी जे टोकदार सापडलं ते चोचीत घातलं. हाताशी म्हणजे पेटीचं कुलूप काढून, तीन चादरी उचलून, मखमलीच्या थैलीतून.

पुदिना निघाला. पिनेची सुईही निघाली.

तिझनीतच्या सोनाराने सुई झाळून दिली. मंगळवारी संध्याकाळी पिन घेऊन इद्दर घरी आला, तर अंगणापासून पेटीच्या खोलीपर्यंत शेजारणी बदाम फोडत बसलेल्या. खिशात ठेवण्यात अर्थ नव्हता. इज्जा रोज त्याचे खिसे तपासायची. प्रेमाने तपासते, असं तिचं म्हणणं होतं. स्वयंपाकघरात मात्र त्या घटकेला कुणी नव्हतं, आणि फळीवर एकटा सुळका उभा होता. इद्दरने बुडाच्या कागदाची घडी सोडवली, पिन आत सरकवली, घडी परत घातली आणि खुणेला वर हिरवा दोरा बांधला. दुकानदाराची बोटं. साखरेलासुद्धा कळलं नसतं.

बुधवारी सकाळी फळी रिकामी होती.

"इथला सुळका?" इद्दरने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"यमनाकडे गेला," इज्जा कणीक मळत म्हणाली. "बाळाचा आज सातवा दिवस. रिकाम्या हाताने कसं चालेल? तुला काय करायचा होता सुळका?"

"मला? काही नाही. बघत होतो."

"बघायला काय, सगळे सारखेच असतात." इज्जाने कणकेला एक गुद्दा घातला. "आज सूर्यास्ताच्या नमाजनंतर बायका चांदी घासायला येणार आहेत. पेटी उघडायची आहे. त्याआधी घरात ये."

इद्दरने रिकाम्या फळीकडे पुन्हा पाहिलं. कढईत तेल तडतडलं.

"आणि हे बघ," इज्जा पुढे म्हणाली, "महिनाभर सांगतेय. तीन घरं अशी आहेत की मुलीचा बाप स्वतः उंबऱ्यावर गेल्याशिवाय ती लग्नाला यायची नाहीत. यमनाची सासू. हाज्जा रक्किया. आणि तिसरं नाव मी घेत नाही."

"सगळ्यांना फोनवर आमंत्रण पाठवलंय ना. गुलाबाच्या फुलांसकट."

"गुलाबाच्या फुलांना तीन ग्लास चहा पिता येतो का?"

 दोन वर्षांपूर्वी दुकान मुलाला देऊन इद्दर गावी परतला होता तो उठबस बंद करायची असं ठरवूनच. आता उठायचं ते सावली सरकली म्हणून, आणि बसायचं ते त्याच कारणासाठी.

"आणि पाहुण्याला घेऊन जा," इज्जा म्हणाली. "त्याला तू आज संस्कृती दाखवणार होतास."

पाहुणा वरच्या खोलीत भाड्याने राहत होता. डेन्मार्कचा, वय सदुसष्ट, नाव प्रेबेन. आयुष्यभर त्याने सरकारी पूल तपासले होते. गावात प उच्चारायची सोय नसल्यामुळे पहिल्याच दिवशी तो ब्राहिम झाला आणि त्यालाही ते आवडलं. त्याला फ्रेंच येत होती शाळेतली आणि इद्दरला दुकानातली, त्यामुळे दोघांचं सगळं संभाषण अर्धं व्याकरण आणि अर्धं मोजमाप असं चालायचं.

"संस्कृती जुन्या कोठारात आहे," इद्दर म्हणाला. "डोंगरावर."

"कोठाराची किल्ली हाज्जा रक्कियाकडे असते," इज्जा म्हणाली आणि कणकेला दुसरा गुद्दा घातला.

*

इद्दरच्या तीनचाकी टेम्पोत एरवी बदामाची पोती आणि क्वचित शेळ्या प्रवास करत. आज मागे एक प्लास्टिकची खुर्ची दोरीने बांधली आणि तिच्यावर ब्राहिमला बांधलं. वाटेत दोन शेळ्या ओळख असल्यासारख्या बघत राहिल्या.

"आज काय पाहणार?" ब्राहिमने मागून ओरडून विचारलं.

"बाळ," इद्दर पुढून ओरडला. त्या क्षणी दुसरं खरं उत्तर त्याच्याजवळ नव्हतं.

यमनाच्या सासूचं नाव तामू. दारात उभी राहिली की दार दिसायचं नाही अशी बाई. इद्दरला पाहून तिने आधी त्याच्या पायांकडे पाहिलं.

"दादा, पाय बरे आहेत?"

"बरे आहेत की."

"नाही, महिनाभर वाटत होतं पाय गेले. फोनवर गुलाब आले, तुम्ही नाही. म्हटलं माणूस आजारी असेल. आम्ही चौकशीला येणार होतो सुळका घेऊन."

सुळका हा शब्द ऐकताच इद्दरची नजर तिच्या खांद्यावरून आत गेली. भिंतीशी चौदा सुळके ओळीने उभे होते, निळे, ताठ, लष्करासारखे. दिलेली भेट परत मागणं आमच्याकडे अशक्य आहे. माणूस दात परत मागेल, सुळका मागणार नाही. पण इद्दरने वाटेतच एक सबब तयार केली होती.

"तामू, एक गोष्ट आहे. यंदा साखरेचा कागद खराब येतोय. ओल धरतो. बुडाशी हात लावला की कळतं. इतकी वर्षं दुकानात घालवली, तेवढं बघून देतो."

"बघा की. बसून बघा."

इद्दर ओळीने निघाला. प्रत्येक सुळका उचलायचा, बुडाखाली तळहात फिरवायचा, घडी दाबायची, खाली ठेवायचा. पिन काही लागेना. हिरवा दोराही कुठे दिसेना. चौदाव्या सुळक्याशी त्याने निराशेने छातीवर हात ठेवला आणि सुस्कारा सोडला.

मागे वळून पाहिलं तर ब्राहिम पहिल्या सुळक्याशी होता. त्याने बूट काढले होते. अत्यंत आदराने त्याने सुळका उचलला, बुडाखाली तळहात फिरवला, खाली ठेवला, छातीवर हात ठेवला आणि सुस्कारा सोडला. मग दुसरा.  बारा-पंधरा बायका, कडेला बाळाचे पणजोबा, सगळे बघत होते.

"हे काय करतोय?" तामूने हळूच विचारलं.

"त्यांच्याकडे असेल तसं काही," यमना म्हणाली.

"मग त्याला एकट्याला करायला लावू नका रे, बरं दिसत नाही," पणजोबा म्हणाले, आणि काठी टेकत उठले. त्यांनीही एक सुळका उचलला, बूड चाचपलं, छातीवर हात ठेवला. सुस्कारा त्यांना आपोआपच यायचा. मग तामूने केलं. मग सगळ्यांनी. घरी आलेला पाहुणा ओशाळा होऊ नये म्हणून आमचे लोक काहीही करतील. एकदा एका पाहुण्याने चहात लोणी घातलं तर अख्ख्या घराने आठवडाभर घातलं होतं.

ब्राहिम खाली बसला आणि वहीत लिहू लागला. लिहिलेलं तो इद्दरला वाचून दाखवायचा, पूल तपासताना लागलेली सवय. "भेटीला आल्यावर साखरेच्या सुळक्याच्या तळाला उजव्या हाताने स्पर्श. मग हृदयाला. सुळके चौदा. वेळ एकूण सहा मिनिटं. बरोबर?"

"बरोबर," इद्दर म्हणाला. आता चूक म्हणून सांगायचं तर का, हेही सांगावं लागलं असतं.

चहा आला. बदाम, मध आणि आर्गनच्या बियांचं तेल वाटून केलेलं अमलू आलं, गरम भाकरी आली, बोकडाची कलेजी आली. पहिला ग्लास, दुसरा ग्लास. दुसऱ्यावर इद्दरने विषय काढला.

"इज्जाने सकाळी एक सुळका पाठवला होता. हिरव्या दोऱ्याचा. त्याचा कागद मला जरा जास्तच..."

"तो होय. तो हाज्जा रक्कियाकडे गेला. मक्केहून आल्यापासून आमच्याकडून कुणी गेलंच नव्हतं, लाज वाटत होती." तामूने तिसरा ग्लास भरला. वरून, हात उंच करून, एक थेंब बाहेर नाही. "एवढ्यासाठी आलात?"

खोलीतल्या सगळ्या बायका थांबल्या. इद्दरने तिसरा ग्लास संपवला. गोड इतका की दातांनी एकमेकांना धरून ठेवलं.

"छे. कल्तूमचं लग्न आहे शुक्रवारी. सगळ्यांनी यायचं. मी स्वतः बोलवायला आलो."

तामू इतकी सरळ झाली की दाराबरोबर भिंतही दिसेना. "येऊ की," ती म्हणाली. "बोलावलं तर कोण येत नाही?"

*

हाज्जा रक्किया ऐंशीची. गच्चीवर गादी टाकून ती खोऱ्यावर नजर ठेवायची आणि नजर पोचणार नाही तिथे फोन. इद्दर जिना चढत असतानाच ती म्हणाली,

"ये. ऐकलं, तू सरकारी साखर तपासनीस झालास."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. हा कोण, तुझा साहेब?"

"हा ब्राहिम."

"चेहऱ्यावरून वाटत नाही. ये बाबा ब्राहिम, बैस. उन्हाने शिजलास की." तिने त्याला मक्केहून आणलेलं झमझमचं पाणी दिलं, खजूर दिले आणि त्याचे दोन्ही गाल ओढून पाहिले. मग इद्दरकडे वळली. "आत आहेत सगळे. हजहून आल्यापासून जमलेत. एकदा तपासतोच आहेस तर सगळे तपास. मला ओली साखर नको."

आत सत्तर सुळके छतापर्यंत रचलेले होते.

इद्दर शिडीवर चढला. खालून ब्राहिम एकेक सुळका घ्यायचा, बूड चाचपायचा, छातीवर हात, सुस्कारा, आणि रचून ठेवायचा. पूल तपासणाऱ्या माणसाने रचलेली ती रास मूळ राशीपेक्षा पक्की झाली. चाळिसाव्या सुळक्याला इद्दरच्या हातांना आपण काय शोधतोय ते आठवेना. पन्नासाव्याला एका बुडाशी काहीतरी टणक लागलं.  त्याने घडी सोडवली. आतून प्लास्टिकचं एक बटण निघालं.

"सापडलं होय," हाज्जा दारातून म्हणाली. "माझ्या जॅकेटचं. दोन वर्षं शोधतेय." आणि तिने ते बटण घेतलं, जणू बटणं साखरेतच सापडायची असतात.

"हाज्जा," इद्दर शिडीवरून म्हणाला, आता त्याचा आवाज दुकानदाराचा उरला नव्हता, "हिरव्या दोऱ्याचा एक सुळका. तामूने धाडलेला."

"हिरवा दोरा." हाज्जाने डोळे मिटले. बराच वेळ मिटले. "होता. सकाळीच पुढे गेला."

"कुठे?"

"खाली तर ये. शिडीवरच्या माणसाला असल्या गोष्टी सांगत नाहीत."

खाली आल्यावर पुन्हा चहा. पहिला ग्लास मैत्रीचा, दुसरा तब्येतीचा, तिसरा हाज्जाच्या मक्केच्या गोष्टीचा, आणि ती गोष्ट लांब असल्यामुळे चौथा. ब्राहिमने तिला विचारलं की बुडाला स्पर्श करण्यामागे अर्थ काय. इद्दरने प्रश्न सांगितला. हाज्जाने क्षणभर ब्राहिमकडे, क्षणभर इद्दरकडे पाहिलं.

"सांग त्याला, बुडाशी घरची बरकत असते. वरचा भाग सगळेच बघतात."

ब्राहिमने ते लिहून घेतलं आणि दोनदा अधोरेखित केलं. इद्दरला उगाच वाटलं की ही बाई आपल्याला हसतेय. पण तिचा चेहरा मक्केहून आलेल्या माणसाचा होता.

"सुळका हमादकडे गेला," हाज्जा म्हणाली. "बदामाच्या झाडावरून पडला ना तो. पाय मोडला. आजाऱ्याला साखर पाठवावी लागते."

इद्दरने ग्लास खाली ठेवला.

हमाद म्हणजे ते तिसरं नाव. इद्दरचा थोरला भाऊ. घर नदीपलीकडे, हाकेच्या अंतरावर, आणि अकरा वर्षांत एक हाक नाही. वडील गेल्यावर वाटण्या झाल्या. जमीन नीट वाटली गेली, विहिरीचं पाणी नीट वाटलं गेलं, साठ बदामाची झाडं तीस-तीस. शेवटी वडिलांची चहाची किटली उरली. दोघांनाही ती हवी होती. पंचांनी तोडगा काढला तो असा की दोघेही त्यांना अजून शिव्या देतात: किटली इद्दरला, झाकण हमादला. तेव्हापासून इद्दर किटलीवर बशी ठेवून चहा करायचा आणि हमाद झाकण खिडकीत ठेवून बघायचा.

"पाय कधी मोडला?" इद्दरने विचारलं.

"महिना झाला. तू गावातच होतास." हाज्जाने कोठाराची किल्ली ब्राहिमच्या हातात ठेवली. "आणि माझं राहिलंच. मला लग्नाला कुणी बोलावलेलं नाही. गुलाब आलेत फोनवर. कुणाचे कोण जाणे."

"या ना हाज्जा. शुक्रवारी. मी स्वतः सांगतोय."

"बघू. गुडघे काय म्हणतात बघू," हाज्जा म्हणाली, पण तोवर तिने कुठला कफ्तान घालायचा ते ठरवलं होतं.

*

सात ग्लास झाले होते. आमच्या चहात पुदिना चवीला असतो आणि चहा रंगाला, बाकी साखर. कोठार राहून गेलं. नदीच्या कोरड्या पात्रातून जाताना इद्दरला आपल्या मिशा वाढताना ऐकू येत होत्या. मागे ब्राहिम, ज्याला साठीपासून डॉक्टरांनी साखर मना केली होती, डॅनिश भाषेत गात होता. बांधलेल्या खुर्चीवर बसून दोन्ही हातांनी ताल धरून गात होता. सूर्य डोंगराच्या टोकापासून चार बोटं वर होता. चार बोटांत पिन सापडली नाही तर आज पेटीतल्या मखमली थैलीतून एकच पिन निघेल, आणि अठ्ठावीस वर्षांच्या संसारात इज्जाने आवाज चढवल्याच्या ज्या दोन आठवणी होत्या, त्या त्याला एकदम आठवल्या.

हमादच्या दाराशी तो थांबला. हात वर केला आणि तसाच ठेवला. ब्राहिमला वाटलं हाही विधी असेल. त्यानेही हात वर केला. दार उघडलं तेव्हा ते दोघे असे उभे होते.

हमाद कुबडीवर होता. केस पिकलेले, मिशी तीच. त्याने इद्दरकडे पाहिलं नाही. ब्राहिमकडे पाहिलं आणि म्हणाला,

"या, पाहुणे. बरोबर कोण आलंय?"

"ब्राहिम, यांना सांग," इद्दर ब्राहिमकडे बघत आपल्याच भाषेत म्हणाला, "की पायाची चौकशी करायला आलोय."

ब्राहिमला एक अक्षर कळलं नाही. त्याने मान डोलावली.

"पाहुणे, त्याला सांगा," हमाद ब्राहिमला म्हणाला, "की महिन्यात पाय निम्मा बरा होतो. चौकशी सावकाश आली."

ब्राहिमने इद्दरकडे पाहून मान डोलावली.

"यांना सांग, मला कळलंच नव्हतं."

"पाहुणे, नदीला पाणी नाही म्हणावं, आवाज येतो इकडचा तिकडे. मी पडलो तेव्हा बऱ्यापैकी ओरडलो होतो."

ब्राहिम दोघांमध्ये उभा राहून मान डोलावत होता. आयुष्यभर तो नदीच्या दोन काठांमधल्या गोष्टी तपासत आला होता. आपण आज काय आहोत हे त्याला बहुतेक समजलं असावं. त्याने दोघांना एकेका हाताने धरलं आणि आत नेलं.

आत, लाकडी तक्त्यावर, एकटा, हिरव्या दोऱ्याचा सुळका उभा होता.

"पाहुणे," हमाद म्हणाला, "सकाळी साडेसातला हा आला. इद्दरने पाठवला म्हणून सांगितलं. मी फोडला नाही. म्हटलं सुळका आलाय म्हणजे मागून माणूसही येईल. दुपारपर्यंत वाट पाहिली. मग म्हटलं, संध्याकाळपर्यंत बघू."

अबोला धरलेल्या घरी सुळका पाठवला की त्याचा अर्थ एकच होतो. इद्दरला तो अर्थ तीस वर्षं माहीत होता, अकरा वर्षं माहीत होता, आणि आत्ता त्या तक्त्यासमोर उभं राहून पहिल्यांदा माहीत झाला. पण बोटांना धीर नव्हता. त्याने सुळका उचलला आणि बुडाखाली तळहात फिरवला.

घडी सपाट होती. आत काही नव्हतं. फक्त साखर.

त्याचा हात आपोआप छातीवर गेला. सुस्कारा असा आला की हमादने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. ब्राहिम पुढे झाला, त्याने बूड चाचपलं, छातीवर हात ठेवला. हमाद दोघांकडे बघत राहिला, मग कुबडी भिंतीला टेकवून त्यानेही तेच केलं. का, ते त्याने विचारलं नाही. त्याचे डोळे ओले झाले होते आणि छातीवर हात ठेवायला त्याला निमित्तच सापडलं होतं.

मग हमादने छोटी हातोडी घेतली आणि सुळका फोडला. प्रत्येक घावाला इद्दर डोळे ताणून बघत होता. पांढरे तुकडे, पांढरा चुरा. चांदी नाही.

तीन ग्लास झाले. बाहेर सूर्य डोंगराला टेकला.

"ब्राहिम, यांना सांग," इद्दर म्हणाला, "शुक्रवारी कल्तूमचं लग्न आहे. चुलता नसेल तर तिला हात धरून दारातून बाहेर कोण आणणार?"

हमादने ग्लासातला पुदिना ढवळला.

"पाहुणे, त्याला सांगा, पाय मोडलाय, दुसरा आहे."

ब्राहिमने मान डोलावली. आज दिवसभरातली ही त्याची सर्वात चोख मान होती.

*

घराशी आला तोवर अजान होऊन गेली होती. इद्दरने ठरवलं होतं: आत जायचं, सगळ्यांसमोर सांगायचं, मग जे होईल ते. अंगणात बायका चांदी घासत बसल्या होत्या, पेटी उघडी होती. दहा ग्लास साखर अंगात असलेल्या माणसाला सत्य फार सोपं वाटतं.

"इज्जा," तो म्हणाला. "ऐक. किटलीच्या चोचीत..."

कल्तूम पुढे आली. ओढणी घालून बघत होती. तिच्या उजव्या खांद्यावर पिन होती. इद्दरने डाव्या खांद्याकडे पाहिलं. तिथेही पिन होती, हिरवा ठिपका लखलखीत घासलेला. त्याने पुन्हा उजवीकडे पाहिलं. मग डावीकडे. दोन.

"काय किटलीच्या चोचीत?" इज्जाने विचारलं.

"पुदिना," इद्दर म्हणाला. "अडकतो."

"हो, अडकतो," इज्जा म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात गेली. इद्दर मागोमाग गेला.

"कधी काढलीस?"

"सुळका उचलला तेव्हा. तू आयुष्यभर विकलेस, मी आयुष्यभर उचललेत. साखर कुठे संपते ते हाताला कळतं."

"मोडली होती हे..."

"तिझनीतचा सोनार माझ्या मावशीचा नातू. झाळायच्या आधी त्याने फोन केला, आत्या, मूळचीच सुई ठेवू का नवी घालू."

इद्दर फळीला टेकला. फळी रिकामी होती. "म्हणजे सुळका तामूकडे..."

"गेलाच नाही. हाज्जाकडेही नाही. सकाळी थेट हमाददादांकडे. तुझ्या नावाने." इज्जाने कणकेचा गोळा झाकला. "त्या दोघींना फोन करून सांगितलं होतं, येईल तेव्हा पुढे ढकला. तामूने चांगलं केलं म्हणे. हाज्जाने जरा जास्तच केलं. शिडीवर कशाला चढवायचं."

"मला सांगता आलं असतं."

"महिनाभर सांगत होते," इज्जा म्हणाली. "जेवणार का?"

"नको," इद्दर म्हणाला. "आज कुणी मला काही गोड दिलं तर मी रडेन."

*

शुक्रवारी दाराशीच सुळक्यांची रास लागली होती, दीडशेच्या वर. पहिली तामू आली, सगळं घर घेऊन. तिने वरच्या सुळक्याचं बूड चाचपलं, छातीवर हात ठेवला, सुस्कारा सोडला आणि आत गेली. मागचे सगळे तसेच. हाज्जा रक्किया नव्या कफ्तानात आली, तिनेही केलं. वर घातलेल्या जॅकेटचं बटण जागेवर शिवलेलं होतं. अगादीरहून आलेल्या वऱ्हाडाने विचारलं की हे काय आहे, तेव्हा यमनाचे आजेसासरे म्हणाले, "आमच्याकडे पूर्वीपासून आहे," आणि वऱ्हाडाने, शहरात राहून आपण बरंच विसरलो अशा चेहऱ्याने, एकेक सुळका उचलला. कोपऱ्यात ब्राहिम उभ्या उभ्या तिसरी वही भरत होता.

हमाद एक कुबडी आणि एक पाय यांवर आला. त्याने कल्तूमला हात धरून दारातून बाहेर आणलं, बाहीने आपलेच डोळे पुसले, आणि मग खिशातून रुमालात बांधलेलं काहीतरी काढून ब्राहिमच्या हातात दिलं.

"पाहुणे, त्याला द्या. खिडकीत धूळ बसते."

ब्राहिमने ते दोन्ही हातांनी नेऊन इद्दरला दिलं. झाकण होतं. इद्दरने बशी उचलून बाजूला ठेवली आणि झाकण किटलीवर ठेवलं. ते बसेना. एका बाजूला बोटभर फट राहत होती.

"ब्राहिम, यांना सांग, झाकण वाकवलंय."

"पाहुणे, त्याला सांगा, झाकण होतं तसं आहे. किटली चेपलीय."

"यांना सांग, किटलीला मी फुलासारखं जपलंय."

"विचारा की त्याला, फुलाच्या चोचीत काय काय खुपसतो."

हे हमादला कुणी सांगितलं ते कळायला मार्ग नव्हता. खोरं लहान आहे. इद्दर चहा ओतायला वळला. ग्लासांचं तबक समोर, दीडशे माणसं समोर, हात उंच केला. चहा आला नाही. चोचीत पुदिना अडकला होता.

इद्दरने आजूबाजूला पाहिलं. हाताशी टोकदार काही नव्हतं. तीन पावलांवर कल्तूम उभी होती आणि तिच्या दोन्ही खांद्यांवर काहीतरी चमकत होतं. अंगणाच्या त्या टोकाहून, सगळ्या डोक्यांवरून, इज्जाने नुसतं पाहिलं.

इद्दरने किटलीला फडकं गुंडाळलं, चोच ओठांना लावली आणि अंगात होता नव्हता तेवढा श्वास फुंकला. आत बुडबुड झालं, पुदिना मागे सरकला आणि झाकण उडालं ते मांडवाच्या कापडाला लागून खाली आलं. हमादने कुबडी टाकून ते हवेतच झेललं.

"नीट बसत नाही म्हणून तर सांगत होतो, गाढवा," तो म्हणाला. या वेळी मध्ये पाहुणा नव्हता.

इद्दरने चोच ओठांपासून काढली. "मग धर ना वरून," तो म्हणाला. "ओततो तोवर बोट ठेव त्याच्यावर."

हमादने झाकणावर बोट ठेवलं. इद्दरने हात उंच केला. कोपऱ्यात ब्राहिमने वहीचं नवं पान उघडलं आणि लिहिलं: चहा ओतायला इथे दोन भाऊ लागतात.